टेबलावर न मावलेले गाव

मित्रांनो, मी एक जुना उठावाचा नकाशा आहे. तुमच्या वर्गात भिंतीवर जो सपाट कागद टांगलेला असतो, त्याचा मी लांबचा भाऊ. मला मात्र टांगता येत नाही, कारण मी चार माणसांनाही उचलवत नाही. लाकडाची चौकट, तारेची जाळी आणि वर प्लास्टर असा माझा देह आहे. माझ्यावरचे डोंगर बोटाला लागतात, दऱ्यांत धूळ बसते आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत एक नदी आहे. ती तैलरंगाची आहे. एवढी मोठी नदी जन्मभर अंगावर वागवली, पण भिजलो एकदाच, तेही छत गळत होते म्हणून.

पाणी खात्याच्या बैठकीच्या खोलीत मी आयुष्य काढले. दुसऱ्यांची बोलणी ऐकून ऐकून आता शिणलो आहे. माझे स्वतःचे असे फार काही सांगण्यासारखे नाही. पण एक गोष्ट मनात राहिली आहे, आणि ती न सांगता अडगळीत जाणे जिवावर येते.

मला ज्यांनी घडवले त्यांना सगळे साचेकाका म्हणत. एरवी ते नाटकवाल्यांचे मुखवटे आणि कापडदुकानातले पुतळे करीत. खात्याने त्यांना मोजणीचे कागद दिले आणि नदीचे अख्खे खोरे करून मागितले. खोरे म्हणजे काय, तर ज्या ज्या जमिनीवरचे पाणी ओघळत शेवटी एका नदीला मिळते, तो सगळा मुलूख. काकांनी पुठ्ठ्याचे थर कापले, एकावर एक रचले आणि वर प्लास्टर ओतले. डोंगर करायला सोपे, असे ते म्हणत. खरा घाम सपाट जमीन काढते, कारण ती कधीच सपाट नसते. काकू वैतागून म्हणत, "घरात पिठाचा डबा रिकामा आणि तुमच्या मिशा मात्र पांढऱ्या." तरी रंग सुकेना तेव्हा वारा घालायला त्याच बसायच्या.

मला दोन तुकड्यांत आणून बैठकीच्या खोलीत जोडले. तिथे एक गडबड झाली. टेबल आधीच तयार होते आणि खोलीतच ठोकून बसवले होते, आणि मी त्याच्यापेक्षा वीतभर लांब निघालो. टेबल हलेना, भिंत सरकेना. साचेकाका चहाला गेले होते. सुताराने माझ्याकडे पाहिले, मग हातातल्या करवतीकडे पाहिले.

"पुढं समुद्रच तर आहे," तो म्हणाला आणि त्याने माझे शेवटचे टोक, हवे त्यापेक्षा चार बोटे जास्तच, कापून टाकले.

पुढे समुद्र होता हे खरे. पण समुद्राच्या आधी त्या वीतभर जागेत नदीचे मुख होते आणि मुखाशी एक गाव होते. घरे, होड्या, थोडी शेती, एक शाळा. काका परत आले तेव्हा ते गाव जमिनीवर पडले होते. ते नुसते खुर्चीवर बसून राहिले. तो तुकडा पुढे बरेच दिवस खोलीचे दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावून ठेवत. मग तोही फुटला.

त्या वेळचे मुख्य अधिकारी मोठे साहेब. दौऱ्यावरून आले, माझी तुटकी कड पाहिली आणि सुताराला बोलावून घेतले. फार रागावले नाहीत. घरून एक पितळेची वाटी आणली आणि माझ्या कडेला, नदी जिथे संपत होती तिथे, टेबलाच्या उरलेल्या फळीवर ठेवली. म्हणाले, "आजपासून हे ते गाव."

आता वाटीचे काम काय, ते समजायला खात्याची रीत समजली पाहिजे. माझ्यावर जिथे जिथे पाणी द्यायचे तिथे एक भोक होते आणि त्यात एक खुंटी. गावांच्या खुंट्या पांढऱ्या, शेतीच्या हिरव्या, कारखान्यांच्या तांबड्या. पाऊस संपला की धरणांत किती साठा झाला त्याचे आकडे येत. तेवढ्याच पितळी चकत्या पेटीतून बाहेर काढायच्या आणि पेटीला कुलूप घालायचे. भरल्या वर्षी टेबलावर चकत्यांचा ढीग पडे, कोरड्या वर्षी दोन ओंजळी. मग त्या चकत्या खुंट्यांवर वाटून घालायला खोऱ्यातली शहाणीसुरती माणसे टेबलाभोवती बसत, आणि भांडण सुरू होई.

सगळ्यांच्या आधी वाटा निघे तो उन्हाचा. साहेब मूठभर चकत्या उचलून खणात टाकत आणि म्हणत, "ऊन बैठकीला येत नाही, पण आपलं घेतल्याशिवाय राहत नाही." धरणातले किती पाणी नुसते वाफ होऊन जाते, हे मला तेव्हा कळले. त्यानंतर वाटी भरायची. नदीच्या मुखाशी थोडे तरी गोडे पाणी वाहते राहिले पाहिजे. ते थांबले की समुद्र नदीच्या वाटेने आत चालत येतो आणि विहिरी खाऱ्या होतात. म्हणून वाटीतले पाणी कालव्याला नाही, नळाला नाही. ते नुसते नदीत सोडायचे. त्यानंतर माणसांच्या पिण्याचे, मग शेतांचे आणि शेवटी कारखान्यांचे.

आणि एक नियम होता. टेबलावरचा ढीग संपल्यावर कुणाला जास्त हवे असेल, तर त्याने दुसऱ्याच्या खुंटीवरून स्वतःच्या हाताने चकती उचलायची. आणि उचलताना त्या खुंटीचा जो कुणी समोर बसला असेल त्याच्या तोंडाकडे बघायचे. त्याने "घ्या" म्हटले तरच ती न्यायची. मित्रांनो, भाषणे ठोकणारी मोठमोठी माणसे मी हात पुढे करून मागे घेताना पाहिली. दुसऱ्याच्या तोंडाकडे बघून पाणी उचलणे अवघड असते.

ती माझी चांगली वर्षे होती. लांबलांबून लोक मला बघायला येत. शाळांच्या सहली येत. एका पोराने माझ्या सगळ्यात उंच डोंगराचे शिखर उपटून खिशात घातले, आणि त्याच्या मास्तरांनी कान धरून ते परत लावायला लावले. ते आजही वाकडे आहे. मी खोऱ्याचा देव असल्यासारखे लोक माझ्याभोवती हळू आवाजात बोलत. मला तेव्हा ते आवडायचे, हे कबूल करायला हरकत नाही.

मग मोठे साहेब निवृत्त झाले. दुसरे आले, बदलून गेले, तिसरे आले. वाटी मात्र टिकली, कारण ती मांडायचे आणि भरायचे काम एका जुन्या कारकुनांकडे होते आणि ते कुणी सांगायची वाट पाहत नसत. कागदावर त्या वाट्याला नाव नव्हते. माझ्यावर खुंटी नसल्याने तो 'शेष' म्हणून लिहीत. कारकुनांना त्याचा अर्थ ठाऊक होता आणि कुणी विचारले नाही म्हणून त्यांनी कुणाला सांगितला नाही.

एका वर्षी पावसाने ओढ दिली. कारकुनांनी बैठकीच्या आदल्या दिवशीच वाटी भरून ठेवली आणि लेकीच्या बाळंतपणासाठी रजेवर गेले. परत आले ते खण आवरायला, कारण त्याच महिन्यात त्यांची नोकरी संपत होती. जाताना त्यांनी नव्या माणसाला किल्ल्या कुठे असतात ते सांगितले, कुठले कपाट लाथ मारल्याशिवाय उघडत नाही तेही सांगितले. वाटीचे काय सांगायचे, ती तर दिसतेच आहे, असे त्यांना वाटले असावे.

ते रजेवर असताना बैठक झाली. खोऱ्यातले मोठे शहर तेव्हा नुकते फुगायला लागले होते. शहराच्या अध्यक्षांच्या पांढऱ्या खुंटीवर चकत्या कमी पडल्या आणि कुणीच आपल्यातली द्यायला तयार होईना. दुपार कलली, चहा संपला, आवाज चढले. खात्यात नुकतीच लागलेली एक इंजिनिअर मुलगी कोपऱ्यात उभी होती. हुशार होती, डोळ्यांत तेल घालून बघत होती. तिने वाटी पाहिली.

"सर, इथं चकत्या राहिल्यात. ह्या कुणाच्या?"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. साहेबांनी कागद चाळला. "शेष लिहिलंय. शेष म्हणजे उरलेलं."

"मग शहराला देऊ या?"

खोलीत सुटल्यासारखे झाले. कुणी टाळीही वाजवली. त्या मुलीने वाटी उचलून चकत्या शहराच्या खुंटीवर चढवल्या. समोर कुणी बसलेले नव्हते, त्यामुळे कुणाच्या तोंडाकडे बघायचा प्रश्नच आला नाही. साहेब तिला म्हणाले, "तुझी नजर चांगली आहे." ती लाजली. वाईट त्यांच्यातले कुणीच नव्हते, मित्रांनो. मला शीण येतो तो याचाच.

पुढच्या वर्षी वाटीत टाचण्या होत्या, त्यानंतर कुणाच्या तरी सिगारेटची राख, आणि मग वाटीच नव्हती. तिच्या जागी टेबलाच्या पॉलिशवर एक गोल डाग तेवढा राहिला. शेष रकान्यात दरवर्षी शून्य लिहिले जाऊ लागले आणि सगळ्यांना वाटे, काय नेटकी वाटणी आहे, थेंबही वाया जात नाही.

माझेही दिवस फिरले. भिंतीवर पडदा आला. एका तंत्रज्ञाने माझ्यावर पातळ कागद अंथरून मला गिरवून घेतले आणि संगणकात घातले. गिरवताना तो माझ्या कडेपर्यंत आला आणि थांबला, कारण पुढे मी नव्हतोच. सुताराची करवत जिथे थांबली तिथे संगणकातली नदीही थांबली. चकत्यांची बैठक रीत म्हणून चालू राहिली, पण एरवी माझ्यावर फायली, चहाचे कप आणि कुणाची तरी टोपी पडलेली असे.

त्या सुमारास व्हरांड्यात एक बाई येऊन बसू लागल्या. शाळेच्या शिक्षिका होत्या. हातात पाण्याची बाटली आणि खांद्याला पिशवी. खोलीचे दार नीट लागत नसे, म्हणून मला सगळे ऐकू येई.

"आमच्या शाळेची विहीर खारी झालीय," त्या पहिल्या वर्षी म्हणाल्या.

"खारं का? मग ते आमच्याकडं नाही येत," बाहेरच्या बाबूने सांगितले. "आमचं खातं गोड्या पाण्याचं. खाऱ्याचं बंदर खातं बघतं."

"पण ते गोडंच होतं. म्हणून तर शाळा तिथं बांधली."

"आता खारं आहे ना? मग झालं."

बंदर खात्याने त्यांना पुन्हा इकडे पाठवले. दुसऱ्या वर्षी त्या आल्या तेव्हा पटावर पोरे निम्मी उरली होती. घरे बंद करून माणसे शहराकडे चालली होती. बाई चिडत नव्हत्या. चिडायला जोर लागतो, आणि त्या रात्रभर बस बदलत आलेल्या असत. आणखी थोडी पोरे गेली की शाळा बंद होणार होती, आणि शाळा बंद झाली की उरलेलेही जाणार होते. एवढेच त्यांना कुणाला तरी सांगायचे होते.

तिसऱ्या वर्षी त्या नेमक्या बैठकीच्या दिवशी आल्या. खात्याच्या मुख्य अधिकारी तेव्हा मॅडम होत्या. ओळखलेत ना? तीच हुशार मुलगी, आता केसांत रुपेरी छटा आणि डोळ्यांवर चष्मा. मॅडम चहा सांगायला बाहेर आल्या, बाकावरच्या बाईंना त्यांनी ओळखले, कारण गेल्या वर्षीही त्या तिथेच दिसल्या होत्या, आणि म्हणाल्या, "आत येऊन बोला. इथं बसून काय होणार?"

टेबलावरचा ढीग केव्हाच संपला होता. खुंट्या सजल्या होत्या. टेबलाभोवती शेतकऱ्यांचे पुढारी, कारखानदार, शहराचे अध्यक्ष, सगळे घरी जायच्या तयारीत होते. बाई टेबलाजवळ आल्या आणि माझ्यावर वाकून नदीवरून बोट फिरवत निघाल्या. धरण, कालवा, मोठे शहर, पूल. बोट माझ्या कडेला येऊन टेबलावर उतरले.

"आमचं गाव कुठंय?"

तंत्रज्ञाने पडद्याकडे पाहिले. "यातही नाही, मॅडम. नकाशा इथंच संपतो."

"नदी इथं नाही संपत," बाई म्हणाल्या. "अजून पुढं येते. म्हणजे यायची."

त्यांचे बोट त्या गोल डागावर टेकले होते. मॅडम त्या डागाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि खुर्चीत बसल्या. साचेकाका बसले होते तशाच.

"इथं एक वाटी असायची," मॅडम म्हणाल्या. "त्यात चकत्या होत्या. मी विचारलं होतं, ह्या कुणाच्या म्हणून. कुणी काही बोललं नाही, म्हणून मी उचलल्या."

शहराच्या अध्यक्षांनी घसा साफ केला. "मॅडम, जुन्या गोष्टी आहेत. आता कुठून देणार? आमच्याकडं आजच एक दिवसाआड नळ आहे. लोक शिव्या कुणाला घालतात? मला."

"नियम आहे आपला," मॅडम म्हणाल्या. "ज्याला हवं त्याने समोरच्याकडं बघून उचलायचं." मग बाईंना म्हणाल्या, "तुमच्या चकत्या या खुंटीवर आहेत. उचला."

बाईंनी हात पुढे केला. अध्यक्षांकडे पाहिले आणि हात तिथेच थांबला. मला वाटले, झाले, ह्यांचाही हात मागे जाणार. इतकी वर्षे मी हेच बघत आलो होतो.

"माझी बहीण तुमच्याच शहरात असते," त्या म्हणाल्या. "विहीर खारी झाली म्हणूनच गेली. तिसऱ्या मजल्यावर बादल्या चढवते. नळ आणखी कमी झाला तर ती पहिलं मलाच बोलेल. मी काय मागतेय ते मला माहितेय. तरी मागतेय. नाहीतर आम्ही उरलेले सगळे तुमच्याकडंच येऊ, आणि मग आम्हाला सगळ्यांना पाजावंच लागेल तुम्हाला."

अध्यक्षांनी खुंटीवरच्या चकत्या बोटाने मोजल्या. मनाने वाईट नव्हते, दमलेले होते. त्या खोलीत सगळेच दमलेले असत.

"निम्म्या घ्या," शेवटी ते म्हणाले. "बाकीचं पुढल्या वर्षी बघू."

पुढल्या वर्षीचे मी फार ऐकले आहे. बाईंनीही ऐकले असणार. पण त्यांनी अध्यक्षांच्या तोंडाकडे बघत निम्म्या चकत्या उचलल्या. मूठ धरून इकडेतिकडे पाहू लागल्या, कारण ठेवायला जागा नव्हती. शेवटी त्यांनी आपल्या बाटलीचे निळे झाकण काढले, त्या डागावर उलटे ठेवले आणि चकत्या त्यात रचल्या. मॅडम तंत्रज्ञाला म्हणाल्या, "पडद्यावरची नदी वाढव." तो म्हणाला, "कुठपर्यंत?" मॅडमनी बाईंकडे बोट दाखवले आणि म्हणाल्या, "त्या सांगतील तिथपर्यंत."

बाई गेल्या तेव्हा उघडी बाटली सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी उभी धरून गेल्या. एवढ्या लांबच्या प्रवासात ती कशी सांभाळली असेल, याचा विचार मी पुढे कित्येक दिवस करत होतो.

पुढच्या वर्षी त्या पुन्हा आल्या. बाटली तीच, झाकण लाल, कुठल्या तरी दुसऱ्या बाटलीचे. मॅडमनी दारातच विचारले, "विहीर?"

"अजून खारट आहे."

मॅडमचा चेहरा पडला.

"पण साबणाला फेस येतो आता," बाई म्हणाल्या. "जेवायच्या आधी मुलं हात धुतात ना, तर फेस आला म्हणून सगळी विहिरीपाशी जमली. दोन घरं परत आलीत. शाळा हे वर्ष तरी चालेल."

उरलेल्या निम्म्या चकत्या त्या वर्षीही मिळाल्या नाहीत. अध्यक्ष बदलले होते आणि नव्यांना सगळे पहिल्यापासून सांगावे लागले. पण झाकण रिकामे राहिले नाही.

मित्रांनो, आता मॅडम निवृत्त व्हायच्या आहेत आणि मला जिन्याखाली हलवायचे ठरले आहे. मला जपा, माझी धूळ पुसा, असे मी म्हणणार नाही. मी प्लास्टर आहे, माझे काय. माझ्यावर खुशाल टोप्या ठेवा. मला भीती आहे ती त्या निळ्या झाकणाची. ते दिसायला अगदीच क्षुल्लक आहे. उद्या कुणी नवे, हुशार, चांगल्या नजरेचे माणूस येईल, टेबल आवरायला घेईल आणि विचारेल, हे कुणाचे? खोलीतले सगळे गप्प बसतील, कारण त्यांना खरोखरच ठाऊक नसेल.

ते माणूस कदाचित तुमच्यातलेच कुणी असेल. तेव्हा माझे एवढे ऐका. कुणी उत्तर दिले नाही, म्हणून ते कुणाचेच नाही असे समजू नका. थोडे थांबा, दार उघडे ठेवा. ज्याचे असते, ते माणूस लांबून येत असते आणि त्याला पोचायला वेळ लागतो.